दाभोळचे बंदर आणि बीदरचा वाचक

शरद ऋतू आणि मराठी प्रवासलेख यांचा संबंध जवळचा आहे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागतो, आश्विनात आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, वाटा वाळतात, आणि पावसाळाभर एका जागी बसलेल्या मनुष्यास बाहेर पडावेसे वाटते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमच्या वाङ्मयाचे वर्षही याच ऋतूत भरते. दिवाळी अंकांतून प्रवासलेख येतात, आणि त्यांतही कोकणातील एखाद्या जुन्या बंदराच्या सफरीचा लेख हा आता एक रूढ प्रकार होऊन बसला आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास आणि तेथून चौल-रेवदंड्यास. राजपुरीच्या खाडीतून जंजिऱ्यास. किंवा धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून दाभोळास, अशा या सफरी असतात. या लेखांची रीत आणि त्यांची उणीव यांचा विचार येथे करावयाचा आहे. तो आम्ही बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून कलबुर्गी) या जिल्ह्यांतील मराठी वाचकाच्या जागेवरून करीत आहोत. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या गावांतील वाचकास समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही दूर आहे. अशा वाचकाला बंदरावरील लेखाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हाच या लेखाचा विषय आहे.

रूढ लेखाचा साचा ओळखीचा आहे. लेखक शहराच्या धकाधकीतून बाहेर पडतो. फेरीबोट धक्का सोडते तोच त्याच्या मनावरचा भार उतरतो. त्या थोडक्या पल्ल्यात वाऱ्याचे, पाण्यावरच्या उन्हाचे आणि पक्ष्यांचे वर्णन येते. पलीकडे उतरल्यावर माडांची राई, जांभ्याचे गडगे, पडका बुरूज, एखादी मशीद किंवा मंदिर, खानावळीतील माशांचे जेवण आणि शेवटी सूर्यास्त. मध्यंतरी कोठेतरी हे बंदर एके काळी फार भरभराटीचे होते असे एक वाक्य येते, आणि लेख पुढे सरकतो. आमचा आक्षेप वाऱ्याला नाही, माशांना नाही आणि सूर्यास्तालाही नाही. तो या एका वाक्याला आहे. ‘एके काळी’ म्हणजे केव्हा, भरभराट कोणाची आणि कोणाच्या गरजेने, हे प्रश्न विचारले जाण्यापूर्वीच ते वाक्य त्यांचा निकाल लावते. बंदर हे जमीन आणि समुद्र यांच्यामधील दार होय. दाराच्या चौकटीचे नक्षीकाम तेवढे वर्णावे आणि आत घर आहे की नाही याची चौकशीही करू नये, हे चमत्कारिक आहे. घाटमाथ्यापलीकडील जो पाठचा मुलूख बंदराला पोसतो आणि ज्याला बंदर पोसते, तो या लेखांत जवळजवळ नसतोच.

दाभोळचे घर कोठे होते, ते नकाशावर पाहणे उद्बोधक आहे. दाभोळ आणि बीदर ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. एक पश्चिमेस पाण्याच्या काठी, दुसरे पूर्वेस पठारावर. १३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याची राजधानी प्रथम गुलबर्ग्यास होती. पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशहा वलीने ती बीदरास नेण्याचे ठरविले. या दोन्ही राजधान्यांना समुद्र भेटत होता तो मुख्यतः दाभोळ आणि चौल या बंदरांवर. दख्खनच्या हवेत उत्तम घोड्यांची पैदास होत नसे आणि राज्य तर घोडदळावर उभे होते. त्यामुळे अरबस्तान आणि इराण येथून घोडा समुद्रमार्गे यावा, बंदरावर उतरावा आणि घाट चढून बीदरास पोहोचावा, ही त्या राज्याची नित्याची गरज होती. घाटावरून उलट उतरणारा माल चिपळुणास येई आणि तेथून वाशिष्ठीच्या खाडीने पडावांतून दाभोळास जाई. या वाटेने केवळ घोडेच आले असे नाही. गिलानचा व्यापारी महमूद गावान १४५३ साली दाभोळास उतरला आणि तेथून बीदरास गेला. पुढे तो त्या राज्याचा वजीर झाला. १४७२ च्या सुमारास पूर्ण झालेला त्याचा मदरसा, सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात अर्धा ढासळूनही, बीदरात आज उभा आहे. त्याच्या भिंतीवरील रंगीत कौलांचे उरलेले तुकडे पाहणाऱ्या बीदरच्या मुलाला कोणी सांगत नाही की, ही वास्तू बांधणारा पुरुष दाभोळच्या धक्क्यावरून चालत आला होता. आणि दाभोळच्या धक्क्यावर उतरणाऱ्या लेखकालाही येथून एक वाट बीदरास जाते हे ठाऊक नसते. हे दोघेही मराठीच वाचतात.

दाभोळ-बीदर ही वाट गद्यात उतरली आहे काय, असा शोध घेतला असता जो ग्रंथ प्रथम हाती लागतो तो मराठी नाही. तो रशियन आहे. व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आला. परंपरेने त्याच्या येथील वास्तव्याचा काळ १४६९ ते १४७२ असा धरतात. काही अभ्यासक तो दोन वर्षे पुढे नेतात. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ असे ज्याचे नाव मराठीत करता येईल, ते त्याचे छोटेखानी टिपण आहे. निकितिन परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच मरण पावला आणि त्याची वही मागून मॉस्कोस पोहोचली. १८५७ साली हॅक्लुट सोसायटीने तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘परदेसी’ या भारत-रशियाच्या संयुक्त चित्रपटाने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. रेवदंड्यास त्याच्या स्मरणार्थ एक स्तंभही उभा आहे. पण आम्हांस येथे त्याचे गद्य पाहावयाचे आहे.

निकितिन होर्मुझहून घोडे वाहणाऱ्या गलबतात बसला आणि सहा आठवड्यांनी चौलास उतरला. सहा आठवड्यांच्या या समुद्रप्रवासाला तो काही ओळी देतो. लाटांचे वर्णन नाही, सूर्यास्त तर नाहीच. जमिनीवर पाऊल पडताच मात्र त्याची लेखणी मोजू लागते. चौलाहून पालीस आठ दिवस, पालीहून पुढल्या मुक्कामास दहा दिवस, तेथून जुन्नरास सहा दिवस, जुन्नराहून बीदरास एक महिना. दाभोळविषयी तो सांगतो तेही याच भाषेत: हे फार मोठे बंदर असून येथे मिसर, अरबस्तान, खुरासान येथून घोडे येतात आणि येथून जमिनीवरून एक महिना चालले की बीदर व गुलबर्गा येतात. एका वाक्यात बंदर, माल, मालाचा उगम आणि मालाचा शेवट ही चारही अंगे आली. आमच्या रूढ लेखात चार पानांत जे येत नाही ते येथे एका वाक्यात का आले? निकितिन मोठा शैलीकार होता म्हणून नव्हे. त्याच्याजवळ शंभर रूबल पडलेला एक घोडा होता, तो कोठेतरी विकावयाचा होता, आणि म्हणून रस्ता कोठे जातो हे त्याला माहीत असणे भाग होते.

येथे आम्हांस प्रवासवर्णनाची पहिली कसोटी सापडते. लेखकाचे काहीतरी प्रवासात गुंतलेले असावे लागते. निकितिनचा घोडा जुन्नरच्या खानाने हिसकावून घेतला आणि धर्मांतर केल्यास तो परत देऊ, वर मोहरा देऊ, असे सांगितले. खुरासानच्या एका भल्या माणसाच्या मध्यस्थीने तो या प्रसंगातून सुटला. त्याची धर्मपुस्तके तर वाटेत व्होल्गेच्या मुखाजवळच लुटली गेली होती. त्यामुळे परक्या मुलखात आपले सण कोणत्या दिवशी येतात याचाही त्याला पत्ता राहिला नाही. ईस्टर केव्हा, उपवास केव्हा, हे तो अंदाजाने ठरवितो आणि त्याबद्दल देवाची क्षमा मागत राहतो. ज्या मालाच्या आशेने तो आला तो माल त्याच्या देशाच्या उपयोगाचा नाही, हेही तो कष्टी होऊन लिहितो. घोडा, धर्म आणि नफा या तिन्ही गोष्टी पणास लागलेल्या मनुष्याचे हे लेखन आहे. म्हणून त्यात अलंकार नसूनही कंप आहे.

दुसरी गोष्ट ऋतूची. निकितिन आमच्या पावसाळ्याला हिवाळा म्हणतो. त्याच्या देशात ज्या दिवसांत घरात कोंडून बसावे लागते ते दिवस म्हणजे हिवाळा, आणि जुन्नरला चार महिने चिखल व पाणी यांनी त्याला कोंडून घातले. म्हणून तो हिवाळा. पण त्याच चिखलात येथील माणसे नांगरतात आणि पेरतात, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. ऑगस्टच्या मध्यास, मेरीच्या सणाच्या दिवशी, तो जुन्नराहून निघतो आणि महिन्याभराने, म्हणजे आमच्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, बीदरास पोहोचतो. आणि ऑक्टोबरच्या आरंभापासून येथे वसंत सुरू होतो असे लिहितो! ज्याला आम्ही शरद म्हणतो त्याला तो वसंत म्हणतो. ही चूक आहे काय? पंचांगाच्या दृष्टीने असेल. पण वाटा मोकळ्या होणे, बाजार भरणे, माणसे घराबाहेर पडणे हा ज्याच्या लेखी वसंताचा अर्थ आहे, त्याने दख्खनच्या शरदाला वसंत म्हणणे यात एक सत्य आहे. आमच्या दिवाळी अंकांतील शरद हा पुष्कळदा केवळ स्वच्छ उन्हाचा आणि निळ्या पाण्याचा ऋतू असतो. व्यापाऱ्याचा, शेतकऱ्याचा आणि तांडेलाचा शरद त्याहून निराळा आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्र’ या ग्रंथात दुर्गाबाई भागवतांनी ऋतू किती बारकाईने पाहता येतो हे दाखविले. त्याच ऋतूत माणसाचे पोट आणि पाय कसे हलतात, हे दाखविण्याचे काम प्रवासवर्णनाकडे उरते.

निकितिनच्या या ‘वसंता’त जी घटना घडते ती तर आमच्या वाचकाच्या अंगणातील आहे. शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ आळंदेस मोठी जत्रा भरते, दहा दिवस खरेदी-विक्री चालते, आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे तो सांगतो. हिंदुस्थानात याच्याइतकी चांगली जत्रा नाही, असे त्याचे मत आहे. ही आळंद म्हणजे गुलबर्गा जिल्ह्यातील आळंद, जेथील दर्गा आज लाडले मशायख यांच्या नावाने ओळखला जातो. चौल आणि दाभोळ येथे उतरलेला घोडा शेवटी कोठे उभा राहात असे, त्याचे एक उत्तर हे आहे. समुद्रावरचा लेख आळंदच्या जत्रेशिवाय अर्धा राहतो, असे आम्ही म्हणतो तेव्हा आमच्या मनात हे चित्र असते. घोड्यांना चणे चारतात आणि खिचडी शिजवून घालतात, ही नोंदही तो करतो. आणि त्या जुन्या रशियन वाक्यात ‘किचिरी’ हा शब्द भेटला म्हणजे बीदरच्या वाचकास आपल्याच चुलीचा वास आल्यासारखे होते.

निकितिनचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. तो ऐकीव गोष्टी पाहिलेल्या गोष्टींच्या शेजारी बसवितो. आळंदेस रात्री ओरडत उडणारा एक पक्षी ज्या घरावर बसतो तेथे माणूस मरतो, माकडांचा राजा सैन्य बाळगतो, अशा कथा तो सहज लिहून जातो. लोकांच्या चालीरीतींविषयी, विशेषतः स्त्रियांविषयी, त्याची विधाने परक्या मनुष्याच्या उतावळेपणाची आहेत. पण हाच मनुष्य बीदरच्या दरबारी थाटापुढे उभा राहून लिहितो की, येथे मुलूख माणसांनी भरलेला आहे, खेड्यांतील माणसे अतिशय गरीब आहेत आणि सरदार मात्र ऐश्वर्यात लोळत आहेत. हत्ती-घोड्यांच्या मिरवणुकीने तो दिपतो आणि तरीही मिरवणुकीच्या बाहेर उभा असलेला उघडा मनुष्य त्याला दिसतो. जुन्या बंदराच्या ‘भरभराटी’विषयी लिहिणाऱ्या आमच्या लेखकांना हे एक वाक्य सुचले असते, तर आम्ही त्यांचे बाकीचे सगळे सूर्यास्त आनंदाने वाचले असते.

येथे असे विचारता येईल की, मराठीत ही दृष्टी कधी नव्हतीच काय? होती. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा तिचा उत्तम पुरावा आहे. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून उत्तरेस निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांच्या लेखनात जी धार आहे ती गरजेतून आलेली आहे. मिळालेली दक्षिणा, लुटले गेलेले द्रव्य, जपलेली गंगेची कावड, सर्व काही मोजलेले आहे. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक संस्कारित रूपात प्रसिद्ध केले आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहिता पुढे आणली. मूळ संहितेत त्यांचे प्रवासी मन अधिक मोकळे दिसते. निकितिन आणि गोडसे भटजी यांच्यामध्ये चार शतकांचे आणि दोन धर्मांचे अंतर आहे. तरी ते एकाच जातीचे लेखक आहेत.

बीदरच्या वाटेविषयी म्हणावयाचे झाल्यास, मराठीने ती गद्यात लिहिली नसली तरी पद्यात जपली आहे. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त दामाजीपंतांची कथा आहे. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दामाजींनी रयतेला खुली केली. बीदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणविले. आणि ते पोहोचण्यापूर्वीच विठू महार होऊन पांडुरंग बीदरच्या दरबारात धान्याची किंमत भरून आला. भक्तिकथा म्हणून आम्ही ही गोष्ट शतकानुशतके ऐकत आलो. परंतु ती एक प्रवासकथाही आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून बीदरास जाणारी वाट, त्या वाटेवरून वर जाणारे धान्य आणि महसूल, वाटेने दरबारात जाताना जोहार करणारा पायचा निरोप्या, हे सर्व तीत आहे. आजही बीदरहून हुमनाबाद, सोलापूर, मंगळवेढे असे करीत कऱ्हाडास आणि कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरता येते; म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या आमच्या वाचकाच्या वाटेवरच दामाजीचे गाव आहे. मराठी कल्पनेतील बीदर येथपर्यंत येऊन थांबते. मंगळवेढ्याच्या पुढे घाट उतरून तिने दाभोळ पाहिले नाही, आणि दाभोळने घाट चढून बीदर पाहिले नाही.

मग आमचे आधुनिक प्रवासवर्णन कोणत्या वाटेने गेले? अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाने त्याला व्यक्तिमत्त्वाचा रंग दिला. गंगाधर गाडगीळांच्या ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) या पुस्तकांनी त्याला खेळकर, चतुर आणि आत्मपर केले. हे मोठे लाभ होत. स्थळांच्या नोंदवहीतून प्रवासवर्णन सुटले आणि पाहणाऱ्याचे मन हाच त्याचा विषय झाला. परंतु प्रत्येक लाभाची एक किंमत असते. या लेखकांजवळ स्वतःचे समर्थ मन होते, म्हणून त्यांचे लेखन तरले. त्यांच्या मागून आलेल्यांनी मनाऐवजी मनःस्थिती उचलली. ‘मला काय वाटले’ हे सांगणे सोपे झाले आणि ‘हे येथे का आहे’ हे विचारणे मागे पडले. सात समुद्रांपलीकडचा देश परका असल्यामुळे तेथे लेखक निदान थबकतो तरी. आपला समुद्र ओळखीचा वाटतो, आणि ओळखीच्या गोष्टीला कोणी प्रश्न विचारीत नाही.

प्रवासवर्णनाने जे टाकले ते कादंबरीने उचलले, हे येथे नमूद केले पाहिजे. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीतील जगबुडी ही वाशिष्ठीच्या खाडीला मिळणारी नदी आहे, आणि पेंडशांच्या कोकणात पाणी हे दृश्य नसून पिढ्यांच्या संसाराचा आधार आणि शत्रू आहे. समुद्र शत्रू होतो म्हणजे काय, हे रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीने १७ जुलै १९४७ रोजी दाखविले. पावसाळ्यातील त्या एका दिवशी सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. कोकणच्या माणसाला शरदात बोटीवर पाय ठेवताना जो सुटकेचा निःश्वास सुटतो, त्याच्यामागे अशा पावसाळ्यांची आठवण आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीबोटीवरून प्रसन्न होऊन उतरणाऱ्या लेखकाने ही आठवण लेखात आणली, तर त्याची प्रसन्नता उणी न होता खरी होईल.

एका उदाहरणाने आमचे म्हणणे स्पष्ट करू. दाभोळच्या धक्क्याजवळ, खाडीच्या काठी, घुमट आणि मिनार असलेली एक सुंदर शाही मशीद आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास ती विजापूरच्या आयेशाबीबीने बांधविली अशी परंपरा आहे. ही राजकन्या मक्केस जाण्यासाठी द्रव्य आणि लवाजमा घेऊन दाभोळास आली, पुढचा समुद्रप्रवास सुरक्षित नाही असे समजल्यामुळे थांबली, आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने या मशिदीवर खर्च केले, अशी दंतकथा सांगतात. बहुतेक प्रवासलेखांत ही दंतकथा येते आणि ‘रम्य’ या विशेषणाबरोबर संपते. पण ती वाचा: पठारावरील राजधानीतून एक स्त्री घाट उतरून बंदरावर येते; समुद्र तिला पुढे जाऊ देत नाही; पठाराचे द्रव्य बंदरात दगड होऊन राहते. घोडे ज्या वाटेने वर गेले, गावान ज्या वाटेने वर गेला, त्याच प्रकारच्या वाटेने हे द्रव्य खाली आले. पोर्तुगीज विसरेई अल्मेदाने १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले होते. समुद्र कोणाच्या हाती गेला याची खूण तेव्हाच पटली होती. दीडशे वर्षांनंतरच्या दंतकथेतही समुद्र धोक्याचाच आहे. मशीद रम्य आहेच. पण ती रम्य का वाटते, तिच्यात कोणती अडलेली यात्रा उभी आहे, हे सांगितल्यावाचून ते विशेषण पोकळ राहते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो क्षुल्लक नाही. प्रवासलेख म्हणजे गॅझेटियर नव्हे. सुटीच्या दिवशी चार घटका आनंदात घालविलेल्या मनुष्यावर सनावळ्यांचे ओझे का लादावे? आमचे उत्तर असे की, सनावळ्या आम्हांस मुळीच नकोत. माहितीपुस्तकातून उचललेला इतिहासाचा परिच्छेद आणि ‘एके काळी भरभराट होती’ हे वाक्य ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. आम्ही मागतो ती माहिती नसून दिशा आहे. लेखक फेरीबोटीवर उभा असताना त्याचे तोंड समुद्राकडे असते. त्याने एकदा मागे वळून घाटाकडे पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. निकितिनला इतिहास ठाऊक नव्हता. रस्ता कोठे जातो एवढे त्याने विचारले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सीमाभागातील वाचकास या लेखांशी काय कर्तव्य? १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके एकीकडे गेले आणि भालकी, औराद दुसरीकडे राहिले. राज्यांच्या सीमा कोठे असाव्यात हा या पानांचा विषय नव्हे. पण वाङ्मयाचाही एक नकाशा असतो, आणि तो सरकारच्या मोजणी खात्याकडून येत नाही. लेखक वाक्यावाक्याने तो काढीत असतात. आज मराठी वाङ्मयाच्या नकाशावर कोकण आहे, पुणे-मुंबई आहे, अलीकडे वऱ्हाड आणि मराठवाडाही ठसठशीत आहेत. बीदर मात्र दामाजीच्या कथेपुरते, एका बादशहाचे गाव म्हणून येते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी बोलणाऱ्या येथील मुलाच्या मराठी पुस्तकात समुद्र येतो तो दुसऱ्या कोणाचा तरी म्हणून येतो. तो समुद्र त्याचाही होता, त्याच्या गावची जत्रा त्या समुद्रावर चालत होती, हे त्याला मराठीतून कळू नये आणि एका रशियन व्यापाऱ्याच्या वहीतून कळावे, ही आमच्या वाङ्मयाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हे. ज्या वाचकाला आपला मुलूख आपल्या भाषेच्या वाङ्मयात दिसत नाही, तो हळूहळू त्या भाषेत वाचणे सोडतो. त्यानंतर अकादमींनी कितीही ठराव केले तरी उपयोग होत नाही.

दोष एकट्या कोकणच्या लेखकांचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बीदर-गुलबर्ग्याच्या मराठी लेखकांनी तरी ही वाट कोठे लिहिली आहे? २००३ पासून धोपावे आणि दाभोळ यांच्यामध्ये वाहने नेणारी फेरीबोट चालते. बीदरहून निघालेली गाडी कुंभार्ली उतरून, गुहागरावरून, चाकांसकट त्या बोटीवर चढू शकते. निकितिनला जी वाट महिन्याची होती ती आज फार तर दोन दिवसांची आहे. आमचा बीदरचा लेखक त्या बोटीवर उभा राहील तेव्हा त्याचा लेख मुंबईच्या लेखकाच्या लेखासारखा होण्याचे कारण नाही. मुंबईचा मनुष्य दाभोळास जातो तो शहरातून सुटण्यासाठी. बीदरचा मनुष्य तेथे आपल्याच घराचे जुने दार पाहावयास जाईल. त्याच्या लेखातही वारा असेल, शरदातले ऊन असेल, आणि मासे खाणारा असल्यास मासेही असतील. परंतु पलीकडे उतरल्यावर हे बंदर कोणासाठी होते असे तो विचारील, आणि उत्तराचा काही भाग स्वतःच्या गावाच्या नावाने देईल.

तेव्हा बंदरावरील प्रवासलेखाची आमची कसोटी थोडक्यात अशी: वाचून झाल्यावर वाचकाला समुद्र किती निळा होता एवढेच कळले, तर तो लेख सुखद आहे, त्या धक्क्यावरून निघालेली वाट कोठे पोहोचते हेही कळले, तर तो लेख वाङ्मय आहे. येत्या शरदात निघणाऱ्या अंकांपैकी एखाद्यात असा एक लेख आला, आणि तो भालकीच्या किंवा आळंदच्या लेखणीतून आला, तर मराठी प्रवासवर्णनाची एक जुनी थकबाकी फिटण्यास आरंभ झाला असे आम्ही समजू.